सात दिवसांची धुरी

माझा धाकटा भाऊ नजीब राष्ट्राध्यक्षांचा आर्थिक सल्लागार झाला, त्या दिवशी स्फाक्स या आमच्या बंदराच्या शहरात, आमच्या गल्लीत, मी घरोघर जाऊन बक्लावा वाटला. कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटले होते. आई गेली तेव्हा नजीब आठ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याच्या वह्यांना कव्हर घालण्यापासून पॅरिसच्या विद्यापीठाच्या अर्जावर पालक म्हणून सही करण्यापर्यंत सगळं मीच केलेलं. त्यामुळे त्याचं जे काही होईल त्यात माझा वाटा आहे, असं मला वाटायचं. पुढे जे झालं त्यानंतरही ते वाटणं गेलं नाही, एवढंच.

नवे राष्ट्राध्यक्ष मूळचे पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर. लोक त्यांना नावानं कमी आणि 'इंजिनिअर' म्हणूनच जास्त ओळखत. एका जुन्या व्हॅनमधून त्यांनी गावोगाव प्रचार केला होता आणि प्रत्येक गावात दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: चोरी बंद होईल, आणि दिलेला शब्द पाळला जाईल. मी आणि माझा नवरा लस्साद, दोघांनीही त्यांनाच मत दिलं. लस्साद बंदरावरच्या सरकारी धान्य कोठाराचा प्रमुख होता. एकतीस वर्षं त्यानं गहू चाखला, चाळला, सुकवला, तोलला. सरकारं आली नि गेली, पण त्याच्या सहीशिवाय कोठारातून दाणा हलला नाही. घरी तो फार बोलत नसे. बातम्या बघतानाही हातात काहीतरी निवडत बसायचा, मसूर नाहीतर बडीशेप.

ऑक्टोबरच्या शेवटी इंजिनिअरांनी शपथ घेतली. नोव्हेंबरच्या वीस तारखेला परदेशी कर्जाचा मोठा हप्ता होता. तिजोरीतलं परकीय चलन एकाच गोष्टीला पुरणार होतं, एकतर हप्ता नाहीतर हिवाळ्याचा गहू. त्या बैठकीत काय झालं ते नजीबनं मला फार पुढे सांगितलं. व्यापारखातं सांभाळणाऱ्या वयस्क बाईंनी म्हटलं होतं, आधी गहू भरून घ्या आणि सावकारांकडे तीन महिन्यांची मुदत मागा, नव्या सरकारला एकदा ती मिळतेच. नजीब म्हणाला, नाही, ठरल्या दिवशी हप्ता भरा. पहिल्याच महिन्यात शब्द पाळला तर पाच वर्षं जग आपल्यावर भरवसा ठेवेल, स्वस्तात कर्ज देईल, मग गहू काय, हवं ते घेता येईल. इंजिनिअर दहा मिनिटं खिडकीपाशी उभे राहिले, वळले आणि म्हणाले, आपण शब्द पाळू.

संध्याकाळी ते टीव्हीवर आले तेव्हा मी रडले होते, अभिमानानं. लस्साद मसूर निवडत होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "आणि गहू?"

"तुला प्रत्येक गोष्टीत गहूच दिसतो," मी म्हटलं. तो पुन्हा मसूर निवडायला लागला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जहाज आलं. सत्तावीस हजार टन गहू घेऊन ते काळ्या समुद्रातून आलं आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. आमच्या गच्चीवरून स्पष्ट दिसायचं. इतकी वर्षं जहाजं यायची, गहू आधी उतरायचा आणि पैसे दोन महिन्यांनी जायचे. या वेळी विकणाऱ्यानं कळवलं की आधी पैसे, मग गहू. आपली तिजोरी रिकामी झालीय हे त्यालाही पेपरातून कळलं होतं, कारण हप्ता भरल्याचं कौतुक सगळ्या जगाच्या पेपरांत छापून आलं होतं.

लस्सादनं राजधानीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, चार दिवस थांबा. त्यानं पुन्हा पाठवलं, पुन्हा चार दिवस. तिसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. एका संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला. म्हणाला, कोठाराच्या सहापैकी पाच मनोऱ्यांची फरशी दिसायला लागलीय. त्या फरशीचा रंग त्यानं कामाला लागल्यापासून पाहिला नव्हता.

पाव आधी दुपारी संपायला लागला, मग सकाळी अकराला, मग आठला. बेकऱ्यांनी दिवस वाटून घेतले. रांगा आमच्या गल्लीतून वळून मशिदीपर्यंत जायच्या. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पहिल्या तासाला पोरं बाकावर डोकं टेकवून बसायची आणि मी त्यांना उठवत नव्हते. ज्यांच्या घरी जव होते ते जवाची पेज करत होते, ज्यांच्याकडे छोले होते ते पावाशिवाय लब्लाबी, म्हणजे छोल्यांचं सार, खात होते, पण रोज रोज किती दिवस? आमच्याकडे माणूस जेवायला बसला की पाव हातात लागतो. तो नसला की ताटात काहीही असलं तरी जेवल्यासारखं वाटत नाही.

कोपऱ्यावरची बेकरी हाज बशीरची होती. साठी उलटलेला, गुडघे दुखरे, पण पहाटे भट्टी स्वतः पेटवायचा. तीस वर्षं मी त्याच्याकडून पाव घेत होते. एके दिवशी रांगेत उभी होते, तर मागून एक बाई म्हणाली, "नजीबच्या बहिणीला पुढे जाऊ द्या गं. तिचं जहाज उभं आहे बाहेर, तिला घाई असेल." बायका हसल्या. ते हसणं मी आजही विसरलेले नाही. त्यात राग कमी होता, मजा तर अजिबात नव्हती, दमलेली माणसं हसतात तसं होतं ते. माझा नंबर आला तेव्हा हाज बशीरनं नेहमीच्या दोन लाद्यांऐवजी चार कागदात गुंडाळून दिल्या आणि हळूच म्हणाला, भावाला फोन कर, बिंती, माझ्या लेकी. मी दोन परत केल्या. घरी आल्यावर उरलेल्या दोनही माझ्याच्यानं खाववेनात.

फोन मी रोजच करत होते. नजीब उचलायचा, चार दिवस म्हणायचा आणि ठेवायचा.

मग तो आदेश आला. कोठारात शेवटचा नऊशे टन गहू उरला होता. शहराला तो सहा दिवस पुरला असता, पोट आवळून दहा दिवसही. आदेशात लिहिलं होतं की सोमवारी तीस ट्रक येतील, पहाऱ्यासकट, आणि हा सगळा गहू राजधानीच्या गिरण्यांना जाईल. लस्सादनं तो कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कचेरीतला कागद घरी आणला होता.

"चल," मी म्हटलं. "आपण जाऊन त्याच्यासमोर बसू. समोर बसल्यावर तो मला नाही म्हणणार नाही."

शनिवारी आम्ही आमच्या जुन्या गाडीनं निघालो. तीन तास दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं. वाटेत लस्साद फक्त एकदा बोलला, जैतून यंदा चांगला आलाय म्हणाला.

नजीब एका सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर भेटला. दोन महिन्यांत त्याचं वजन उतरलं होतं, शर्टाची कॉलर मानेपासून सुटी झाली होती. त्यानं मला मिठी मारली तेव्हा त्याच्या अंगाला सिगारेटचा वास आला. आधी तो ओढत नसे. टेबलावर कॉफी होती आणि एका टोपलीत पाव. ताजा, कापलेला. लस्साद त्या टोपलीकडे पाहत बसला. नजीबच्या ते लक्षात आलं आणि त्यानं टोपली हलवून फायलींमागे ठेवली.

लस्साद म्हणाला, "मला एवढंच सांग, जहाजाचे पैसे कधी जाणार आहेत."

"फेब्रुवारीत सावकारांची समिती बसेल, सी लस्साद. त्यांनी नवीन कर्ज मंजूर केलं की." आमच्याकडे आदरानं नावाआधी 'सी' लावतात.

"आज डिसेंबरची एकोणीस आहे."

"मला माहीत आहे."

"मग पुढचा हप्ता उशिरा देऊ म्हणून सांगा त्यांना. आधी आम्हाला खायचंय म्हणावं."

नजीबनं डोळ्यांवर हात दाबून धरले. म्हणाला, हेच तो स्वतः दहा दिवसांपूर्वी इंजिनिअरांना सांगून आला होता. माझं चुकलं, आपण दिशा बदलू, असंसुद्धा म्हणाला होता. इंजिनिअरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, दुसऱ्याच महिन्यात मागे फिरलो तर पहिल्या महिन्यात मला काही कळत नव्हतं असा त्याचा अर्थ होईल, आणि तसं झालं तर पुढची पाच वर्षं माझं कोण ऐकणार?

"नोव्हेंबरात निवडायला दोन गोष्टी होत्या, ताई," नजीब माझ्याकडे वळून म्हणाला. "मी एक निवडली. आता निवडायला काही उरलंच नाहीये. जे करतोय ते त्या एका गोष्टीला टेकू द्यायला करतोय."

"आणि आमचा गहू?" लस्सादनं विचारलं. "तो कशाला नेताय?"

"राजधानीत दंगा झाला तर सरकार पडेल."

"आणि स्फाक्समध्ये झाला तर?"

नजीबनं एक फाईल उघडली आणि मिटली. मी म्हटलं, "बोल ना. स्फाक्समध्ये झाला तर काय?" तो खाली बघत होता. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा, पण तेव्हा मी त्याला जवळ घ्यायची. शेवटी तो म्हणाला, "सी लस्साद, मी तुमच्या पाया पडतो. ट्रक शांतपणे जाऊ द्या. त्यानंतर मी काहीतरी करतो."

लस्साद उठला. कॉफीला त्यानं हात लावला नव्हता. दारापाशी जाऊन म्हणाला, तू चांगला मुलगा आहेस नजीब, आणि बाहेर गेला. मी भावाला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याला वाढवलं याचा पश्चात्ताप होतोय, असंही बोलून गेले.

सोमवारी ट्रक आले. लस्सादनं काय केलं ते मला त्या रात्री कळलं, त्यानंच सांगितलं. ट्रकांबरोबरच्या अधिकाऱ्याच्या हातात त्यानं एक अहवाल ठेवला: गव्हाला सोंडे लागलेत, कालच कोठारात धुरी दिलीय, विषारी वायू आहे, नियमाप्रमाणे सात दिवस दार उघडता येणार नाही, उघडलं तर आत जाणारा माणूस मरेल. खाली त्याची सही आणि शिक्का. अधिकारी बराच वेळ फोनवर बोलला. मग तीसच्या तीस ट्रक रिकामे परत गेले.

गव्हाला काहीही झालेलं नव्हतं आणि धुरीही दिलेली नव्हती.

एकतीस वर्षांत त्यानं एकही खोटा अहवाल दिला नव्हता. जुन्या राजवटीत एका मंत्र्याचा भिजलेला गहू चांगला म्हणून लिहायला सांगितलं होतं, तेव्हाही नाही. त्या बदल्यात दोन वर्षं त्याची बढती अडवून ठेवली होती. आता खाटेच्या काठावर बसून तो मला सांगत होता की मंगळवारपासून रोज शंभर टन इथल्या दोन गिरण्यांना सोडीन, नऊ दिवस निघतील, नऊ दिवसांत काहीतरी होईल. बोलताना त्याचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. मी त्याचा हात धरला. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर खूप दिवसांनी बरंही वाटत होतं.

मंगळवारी सकाळी तो कामावर गेला तेव्हा फाटकावर राजधानीहून आलेले वीस बंदूकधारी उभे होते. त्यांच्याकडे लेखी हुकूम होता की सात दिवस कोठारातून काही बाहेर जाणार नाही आणि आत कुणी जाणार नाही. कुणाला संशय आला होता की नुसता नियम पाळला होता, ते कधीच कळलं नाही. लस्सादनं आपल्या हातानं लिहिलेलं खोटं सरकारनं शब्दशः खरं मानलं होतं. गहू राजधानीलाही गेला नाही आणि शहरालाही मिळेना. धुरी दिलीच नव्हती असं सांगावं, तर दुपारपर्यंत ट्रक पुन्हा दारात उभे राहणार. न सांगावं, तर सात दिवस शहर उपाशी, आणि सात दिवसांनी ट्रक येणारच.

ते तीन दिवस त्यानं कसे काढले ते मी पाहिलंय. कामावर जायचा, आपल्या खोलीत बसायचा, परत यायचा. जेवायला वाढलं की म्हणायचा, नंतर. माझ्या वर्गात बुधवारी एक मुलगी फळ्यापाशी चक्कर येऊन पडली. ते मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं. तो उठून गच्चीवर गेला आणि थंडीत उभा राहिला.

शुक्रवारी नमाजानंतर लोक थेट कोठाराकडे गेले. मी लस्सादसाठी डबा घेऊन तिथेच गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. हजारभर माणसं असतील. सुरुवातीला आरडाओरडा नव्हता. पुढे हाज बशीर होता. लोकांनीच त्याला पुढे केलं होतं, कारण तो लस्सादला ओळखत होता आणि त्याचं सगळे ऐकायचे. तीन दिवस त्याची भट्टी थंड होती. रुळावर सरकणारं ते मोठं लोखंडी फाटक, आतल्या बाजूला बंदूकधारी, आणि त्यांच्यामागून लस्साद चालत आला. त्याला कुणी यायला सांगितलं नव्हतं.

हाज बशीरनं फाटकाच्या गजांना धरलं. "सी लस्साद," तो म्हणाला, "मी यांना सांगितलंय की तू जे म्हणशील ते मानायचं आणि घरी जायचं. तूच सांग. गहू खरंच किडलाय का?"

लस्सादला फक्त हो म्हणायचं होतं. तो हो म्हणाला असता तर लोक परत गेले असते, याबद्दल मला आजही शंका नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग तो म्हणाला, "नाही, हाज. गहू चांगला आहे."

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, पण पुढच्यांकडून मागे बातमी क्षणात गेली. गर्दी पुढे सरकली. मारायला नव्हे, कुणाच्याही हातात काही नव्हतं, नुसती पुढे सरकली. पहारेकऱ्यांनी हवेत गोळ्या झाडल्या, त्यानं मागचे आणखीच रेटायला लागले. फाटक रुळावरून सुटलं. त्या फाटकाचं वजन किती होतं ते मी नंतर कोर्टात ऐकलं. ते आधी आत झुकलं, खांबाला आपटलं आणि बाहेर, लोकांच्या अंगावर आलं. तिघंजण खाली सापडले. हाज बशीर जागीच गेला, बाकीचे दोघं इस्पितळात.

लस्साद आणि त्या पहारेकऱ्यांनीच मिळून फाटक उचललं. मी हाज बशीरचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या दाढीत पीठ नव्हतं हे मला दिसलं, आणि असा तो मी कधी पाहिलाच नव्हता. गर्दी पांगली होती. कोठाराकडची वाट मोकळी होती आणि आत कुणीच गेलं नाही. लस्सादला तिथूनच नेलं.

रात्रीच्या बातम्यांत इंजिनिअर आले. त्यांचा आवाज थरथरत होता, तेव्हा मला वाटलं की हे आता खरं सांगतील. ते म्हणाले, साठेबाजांनी आणि घातपात करणाऱ्यांनी जनतेचा घास लपवून ठेवला होता. एक पकडला गेलाय, बाकीचेही पकडले जातील. उद्यापासून देशातली सगळी कोठारं, गिरण्या आणि बेकऱ्या लष्कराच्या पहाऱ्यात राहतील. त्यांच्या मागे चार माणसं उभी होती. त्यातला डावीकडून दुसरा नजीब होता.

दहा दिवसांनी जहाज रिकामं झालं. शेजारच्या एका देशानं पैसे दिले. कुठल्या अटींवर, ते बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं. पाव परत आला. लष्कर मात्र बेकऱ्यांसमोरून हललं नाही. साखर संपली तेव्हा साखरेचे साठेबाज पकडले, पेट्रोल संपलं तेव्हा पेट्रोलचे. व्यापारखात्याच्या बाईंनी राजीनामा दिला तर त्यांच्यावरही खटला झाला. जो माणूस एका व्हॅनमधून गावोगाव फिरला होता तो पुढे पहाऱ्याशिवाय कुठल्याच शहरात आला नाही. पहिल्या दोन महिन्यांत जे झालं तेच पाच वर्षं होत राहिलं. इंजिनिअर वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना परत फिरायला जमलं नाही.

दर बुधवारी मी टोपली घेऊन तुरुंगावर जायची. कुस्कुस, अंडी, हरिसा, धुतलेले कपडे. खालच्या कोर्टानं जानेवारीतच लस्सादला सात वर्षं दिली. घातपात, खोटा अहवाल आणि तीन माणसांच्या मृत्यूला कारण झाल्याबद्दल. त्यानं काहीच नाकारलं नाही. वकील म्हणत होता की किडे दिसले होते असं म्हण, कोण तपासणार आहे आता? लस्साद म्हणाला, नव्हते.

मी नजीबकडे पुन्हा गेले. या वेळी भांडायची ताकद नव्हती. त्याच्या घराच्या जिन्यात बसून राहिले. तो आला, माझ्या शेजारी पायरीवर बसला. मी म्हटलं, तुझ्या एका वाक्यानं तो सुटेल. तू सांग की जहाज का थांबलं होतं. तो म्हणाला, फेब्रुवारीतल्या कर्जाची बोलणी चालू आहेत, मी आता तोंड उघडलं तर ती मोडतील, मग पुढचं जहाजच येणार नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचं म्हणणं नोव्हेंबरातही खोटं नव्हतं. मी उठले आणि बसस्टँडवर आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? मी हो म्हटलं.

अपिलाची सुनावणी जूनमध्ये होती. नजीब येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मागच्या दारानं आला, एकटा, आणि साक्षीदार म्हणून उभा राहिला. सकाळीच राजीनामा देऊन आला होता. म्हणाला, "जहाज थांबलं ते माझ्या सल्ल्यामुळे. गहू राजधानीला न्यायचा आदेश माझ्या टेबलावर तयार झाला. या माणसानं गहू लपवला नाही. त्यानं तो वाचवायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही."

न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, सल्ला देणं हा गुन्हा नाही, खोटा अहवाल हा गुन्हा आहे. घातपाताचा आरोप काढला आणि सातची चार वर्षं केली. नजीबला परदेशी जायला बंदी झाली आणि कुठल्याही विद्यापीठानं त्याला घेतलं नाही. लस्साद बेड्यांत उभा होता. त्यानं नजीबकडे बघून मान हलवली. पुरे म्हणत होता की आभार मानत होता, मला कळलं नाही. हाज बशीरची बायको शेवटच्या बाकावर होती. ती उठून गेली. तिची माफी मागायला मी तीनदा तिच्या दारात गेले. तिसऱ्यांदा तिनं दार उघडलं आणि म्हणाली, तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं तर सुरुवात कशाला केली?

लस्साद वर्षभराची सूट मिळून तीन वर्षांनी सुटला, केस पूर्ण पांढरे झालेले. कोठारावर तो पुन्हा कधी गेला नाही. नजीब आता स्फाक्सलाच राहतो, बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. शुक्रवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला येतो. पहिले काही महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मग एके दिवशी बोलायला लागले आणि आता प्रत्येक शुक्रवारी तेच बोलतात.

नजीब म्हणतो, नोव्हेंबरात गहू घेतला असता आणि हप्ता चुकवला असता, तर सावकारांनी सहा महिन्यांत आपलं सगळं बंद केलं असतं. औषधं, पेट्रोल, सगळं.

लस्साद म्हणतो, "सहा महिने म्हणजे जून झाला असता. जूनमध्ये आपला गहू निघतो."

"तो पुरत नाही, सी लस्साद. तीन-चार महिने पुरतो."

"तीन-चार महिने म्हणजे पुष्कळ झाले."

मग नजीब कागद मागतो आणि आकडे मांडायला लागतो. लस्साद ते बोट ठेवून ठेवून वाचतो, इथं चुकलास म्हणतो, आणि नजीब पुन्हा मांडतो. एकदा मी म्हटलं, आता पुरे, कुणाला हवंय हे? दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. मी ताटं उचलून आत नेली आणि नळ सोडला. बाहेर नजीब म्हणत होता की जर ते तीस ट्रक आलेच नसते. लस्साद म्हणाला, थांब, ट्रकांवर नंतर येऊ, आधी नोव्हेंबर नीट बघू.